एका पत्त्यावर अनेक सेवा: रिव्हर्स प्रॉक्सी लावण्याआधी आणि लावताना

बंगळुरूच्या होसूर रोडवर, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकर जमिनीवर, कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स कंपनीने १९७८ साली इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. याच वसाहतीत ‘ट्रिपल आयटी बंगळुरू’चं आवार आहे आणि त्या संस्थेच्या छत्राखाली २०१८ पासून ‘मोसिप’ हा प्रकल्प चालतो. मॉड्युलर ओपन सोर्स आयडेंटिटी प्लॅटफॉर्म हे त्याचं पूर्ण नाव. एखाद्या देशाला आपल्या नागरिकांसाठी डिजिटल ओळख व्यवस्था उभी करायची असेल, तर त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मोसिप मुक्त परवान्याखाली देतं. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया अशा देशांनी ते स्वीकारलं आहे.

या सॉफ्टवेअरचा आधार घ्यायचं कारण त्याच्या उभारणीच्या मार्गदर्शिकेत सापडतं. स्वतःच्या सर्व्हरवर मोसिप बसवणाऱ्याने काय काय करावं, हे तिथे सविस्तर दिलं आहे. त्यात एक तक्ता आहे: कोणत्या नावाची सेवा कोणत्या आयपी पत्त्याकडे जावी. नागरिकांची पूर्वनोंदणी, रहिवासी पोर्टल, बाहेरच्या संस्थांसाठीचा एपीआय ही नावं सार्वजनिक पत्त्यावर. प्रशासनाचं पान, काफ्का, किबाना, ॲक्टिव्हएमक्यू, पोस्टग्रेस, फाइलींचं कोठार ही नावं खासगी पत्त्यावर. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी वायरगार्डच्या व्हीपीएनमधून आत यायला हवं. आणि या सगळ्यांच्या पुढे एनजिन-एक्स या रिव्हर्स प्रॉक्सीचा एक सर्व्हर, दोन नेटवर्क जोडण्या असलेला. एक जोडणी बाहेरच्या जगाकडे, दुसरी आतल्या यंत्रांकडे.

अख्ख्या देशाच्या ओळख व्यवस्थेसाठी आखलेली ही मांडणी आहे. पण दहा-पंधरा माणसांच्या कंपनीत, सहकारी पतसंस्थेत किंवा महाविद्यालयाच्या संगणक विभागात एकाच सर्व्हरवर चार-पाच वेबसेवा चालवणाऱ्यालाही तिच्यातून एक धडा घेता येतो. कॉन्फिगरेशनची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रत्येक सेवेबद्दल एक प्रश्न सोडवायचा: ही कोणाला दिसली पाहिजे? रिव्हर्स प्रॉक्सीच्या कामात पुढे ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

रिव्हर्स प्रॉक्सी काय करते

टेक पार्कच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक येणाऱ्याला आधी विचारतो, “कुठल्या कंपनीत जायचंय?” आणि उत्तर ऐकून त्याला योग्य इमारतीकडे पाठवतो. रिव्हर्स प्रॉक्सीचं काम असंच असतं. ब्राउझरची प्रत्येक विनंती आधी तिच्याकडे येते. ती विनंतीतलं नाव वाचते, आतल्या योग्य सेवेकडे विनंती पोचवते आणि आलेलं उत्तर ब्राउझरला परत देते. आत किती यंत्रं आहेत, ती कोणत्या पोर्टवर ऐकतात, कोणत्या भाषेत लिहिली आहेत, यातलं काहीच ब्राउझरला कळत नाही.

हे शक्य झालं ते ‘होस्ट’ या शीर्षओळीमुळे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं पहिलं मानक आलं आणि प्रत्येक विनंतीत संकेतस्थळाचं नाव पाठवणं बंधनकारक झालं. त्याआधी एका आयपी पत्त्यावर सहसा एकच संकेतस्थळ चालत असे. कूटबद्ध जोडणीत मात्र अडचण उरली होती: नाव कळण्याआधीच सर्व्हरला प्रमाणपत्र दाखवावं लागे. २००३ मध्ये मांडलेल्या ‘सर्व्हर नेम इंडिकेशन’ म्हणजेच एसएनआय या सोयीने तीही दूर झाली. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. एक सार्वजनिक पत्ता मिळवणंही खर्चिक झालेल्या काळात, त्या एकाच पत्त्यामागे दहा सेवा चालवणं ही आता रोजचीच गरज आहे.

आधी तक्ता, मग कॉन्फिगरेशन

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने आखावेत. सेवेचं नाव. आतला पत्ता आणि पोर्ट. ती कोणासाठी आहे: सगळ्यांसाठी, फक्त कर्मचाऱ्यांसाठी की फक्त यंत्रांसाठी. फाइल चढवायची असेल तर जास्तीत जास्त किती मोठी. उत्तर यायला जास्तीत जास्त किती वेळ लागू शकतो. आणि वेबसॉकेटसारखी कायम उघडी राहणारी जोडणी लागते का.

समजा एका छोट्या कंपनीकडे पाच सेवा आहेत: मुख्य संकेतस्थळ, ग्राहकांचं ॲप, मोबाइलसाठीचा एपीआय, कर्मचाऱ्यांच्या हजेरीचं पोर्टल आणि सर्व्हरची तब्येत दाखवणारं ग्राफाना. पहिल्या तीन सगळ्यांसाठी. शेवटच्या दोन व्हीपीएनच्या आत. हजेरीचं पोर्टल घरून लागतं म्हणून ते ‘तात्पुरतं’ बाहेर उघडायची टूम निघते, तेव्हा हा तक्ता उपयोगी पडतो. निर्णय कोणी घेतला, कधी घेतला आणि तो कधी मागे घ्यायचा, हे त्याच तक्त्यात लिहिता येतं. तसं न लिहिलेलं ‘तात्पुरतं’ वर्षानुवर्षं तसंच राहतं.

नाव गुप्त ठेवलं म्हणजे सेवा सुरक्षित झाली, असं मात्र कोणी समजू नये. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक नोंदवह्यांत करतात. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोम ब्राउझर तशी नोंद मागतोच. त्यामुळे ‘हजेरी-जुनं-चाचणी’ अशा आडवळणी नावाने प्रमाणपत्र घेतलं, तरी ते नाव काही मिनिटांत जगाला शोधता येतं. दार बंद ठेवायचं असेल तर ते नेटवर्कच्या पातळीवरच बंद ठेवावं.

उपनाव की उपमार्ग

पाच सेवा दोन पद्धतींनी मांडता येतात. प्रत्येकीला स्वतंत्र उपनाव द्यायचं, म्हणजे मुख्य नावाच्या आधी ‘ॲप’, ‘एपीआय’, ‘हजेरी’ असे शब्द लावायचे. किंवा एकाच नावामागे तिरपी रेघ देऊन ‘/ॲप/’, ‘/हजेरी/’ असे मार्ग काढायचे.

शक्य असेल तिथे उपनावच निवडावं. उपमार्गावर बसवलेलं ॲप आपण मुळाशी, म्हणजे नुसत्या ‘/’ वर आहोत असं धरून चालतं आणि आपली चित्रं, शैलीपत्रकं, स्क्रिप्ट तिथेच मागतं. ती सापडत नाहीत आणि पान कोरं दिसतं. शिवाय एकाच नावाखालच्या सगळ्या सेवा ब्राउझरच्या दृष्टीने एकाच मूळस्थानाच्या ठरतात. त्यांतल्या एका सेवेत दुष्ट स्क्रिप्ट घुसली, तर शेजारच्या सेवेचा डेटाही तिच्या आवाक्यात येतो. वेगवेगळी उपनावं सेवांमध्ये आपोआप भिंत उभी करतात. फक्त कुकी मुख्य नावावर न लावता ज्या त्या उपनावापुरतीच ठेवायला हवी.

उपमार्ग वापरावाच लागला तर एनजिन-एक्समधली तिरपी रेघ डोळ्यांत तेल घालून पाहावी. ‘लोकेशन’मध्ये ‘/ॲप/’ लिहिलं आणि ‘प्रॉक्सी_पास’मध्ये नुसता १२७.०.०.१:३००० हा पत्ता दिला, तर ‘/ॲप/लॉगिन’ ही विनंती आतल्या सेवेला जशीच्या तशी ‘/ॲप/लॉगिन’ म्हणून मिळते. त्याच पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ जोडली, की ‘/ॲप/’ एवढा भाग गळतो आणि आत ‘/लॉगिन’ पोचतं. दोन्ही वागणुकी बरोबरच आहेत. आतल्या सेवेला कोणती हवी ते पाहून निवडायचं. तिसरी मात्र चूकच. ‘लोकेशन’मध्ये शेवटची रेघ विसरून ‘/ॲप’ लिहिलं आणि पत्त्यापुढे रेघ दिली, तर आत दोन रेघांचं ‘//लॉगिन’ जातं. वर ‘/ॲपल’ने सुरू होणारी विनंतीही त्याच सेवेकडे वळते.

‘एलियस’ वापरून फाइलींचा फोल्डर उघडताना हीच विसरलेली रेघ धोक्याची ठरते. ‘लोकेशन’ला शेवटी रेघ नाही आणि ‘एलियस’ला आहे, अशा जोडीत पत्त्यात दोन टिंबं घालून त्या फोल्डरच्या एक पायरी वर चढता येतं आणि शेजारच्या फाइली वाचता येतात. २०१८ च्या ब्लॅक हॅट परिषदेत ऑरेंज त्साई या सुरक्षा संशोधकाने ही चूक सविस्तर मांडली होती. नियम सोपा आहे: दोन्हीकडे रेघ द्यावी.

मराठी वाचकांना उपयोगी अशी एक गोष्ट इथेच. देवनागरीतलं ‘.भारत’ हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. अशा नावावर सेवा चालवायची असेल, तर ब्राउझर आत ते नाव ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात पाठवतो. कॉन्फिगरेशनच्या ‘सर्व्हर_नेम’ ओळीत आणि प्रमाणपत्र मागताना हेच रूप द्यावं. नुसती देवनागरी अक्षरं लिहिली तर नाव जुळत नाही आणि विनंती भलत्याच सेवेकडे जाते.

अनोळखी नावाचं काय करायचं

विनंतीतलं नाव कॉन्फिगरेशनमधल्या कुठल्याच ‘सर्व्हर’ ब्लॉकशी जुळलं नाही तर एनजिन-एक्स त्या पोर्टवरच्या पहिल्या ब्लॉककडे ती देतो. कॉन्फिगरेशनच्या फाइली अक्षरानुक्रमे वाचल्या जातात. म्हणजे केवळ फाइलीचं नाव आधी येतं म्हणून हजेरीचं पोर्टल अनोळखी विनंत्यांचं यजमान होऊ शकतं. इंटरनेटवर सतत पत्ते चाचपणारी यंत्रं नावाशिवाय, नुसत्या आयपीवरच येतात. त्यांना नेमकं तेच दिसतं.

म्हणून सगळ्यात आधी एक मुद्दाम रिकामा ब्लॉक लिहावा आणि त्याला ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ म्हणून जाहीर करावं. साध्या जोडणीसाठी तिथे ४४४ हा संकेत परत करावा. तो एनजिन-एक्सचा स्वतःचा आहे आणि उत्तर न देताच जोडणी तोडतो. कूटबद्ध जोडणीसाठी ‘एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक’ चालू करावं, म्हणजे अनोळखी नावाला प्रमाणपत्रसुद्धा दिसत नाही.

मागचं दार

फाटकावर पहारा आहे आणि कुंपणाला भगदाड आहे, अशी स्थिती फार ठिकाणी असते. प्रॉक्सी ४४३ पोर्टवर नीट चालते, पण आतली सेवा ८०८० पोर्टवर सगळ्या जगासाठी उघडीच असते. आतली सेवा त्याच यंत्रावर असेल तर ती १२७.०.०.१ वरच ऐकेल असं बघावं. वेगळ्या यंत्रावर असेल तर त्या यंत्राच्या फायरवॉलमध्ये फक्त प्रॉक्सीच्या आयपीला वाट द्यावी.

डॉकर वापरणाऱ्यांनी इथे दुप्पट सावध राहावं. कंटेनरचा पोर्ट ‘८०८०:८०८०’ असा उघडला, की डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि उबुंटूचा यूएफडब्ल्यू तो पोर्ट बंद आहे असं सांगत असतानाही तो बाहेरून उघडा राहतो. त्यावर उपाय दोन. एक तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहावं. दुसरा आणि चांगला उपाय म्हणजे पोर्ट उघडूच नये, आणि प्रॉक्सी व सेवा यांना डॉकरच्या एकाच अंतर्गत नेटवर्कमध्ये ठेवावं.

तपासणी ऑफिसच्या वायफायवरून करू नये. मोबाइलचा डेटा चालू करून, बाहेरच्या जगातून सर्व्हरच्या आयपीवर ८०८०, ३०००, ५४३२, ९२०० हे पोर्ट चाचपून पाहावेत. उघडा निघालेला प्रत्येक पोर्ट तक्त्यात आहे का, ते ताडून बघावं.

शीर्षओळी: आतल्या सेवेला खरं सांगा

प्रॉक्सीमागची सेवा एका अर्थी आंधळी असते. तिच्या दृष्टीने प्रत्येक विनंती प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेली असते, तीही साध्या एचटीटीपीने. तिला खरी माहिती द्यायला तीन शीर्षओळी पुरतात: मूळ नाव सांगणारी ‘होस्ट’, पाहुण्याचा आयपी सांगणारी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ आणि जोडणी कूटबद्ध होती का ते सांगणारी ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’.

शेवटची विसरली की ओळखीचा घोळ होतो. सेवेला वाटतं पाहुणा असुरक्षित जोडणीवर आहे, म्हणून ती त्याला एचटीटीपीएसकडे वळवते. प्रॉक्सी तीच विनंती पुन्हा साध्या जोडणीने आत देते. सेवा पुन्हा वळवते. शेवटी ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून हात टेकतो.

‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’वर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ही ओळ पाहुणा स्वतःच खोटी लिहून पाठवू शकतो. एनजिन-एक्सची नेहमीची पद्धत त्या खोट्या मजकुराच्या पुढे खरा आयपी जोडते, पण आधीचा मजकूर पुसत नाही. यादीतला सगळ्यात डावीकडचा आयपी खरा मानून ‘पाच चुकीच्या पासवर्डनंतर बंदी’ लावणाऱ्या ॲपला दर वेळी नवा आयपी दाखवून कोणीही फसवू शकतं. प्रॉक्सीच्या पुढे दुसरं काही नसेल तर ती ओळ सरळ पुसून फक्त खरा आयपी लिहावा. पुढे सीडीएन असेल, तर फक्त त्या सीडीएनच्या आयपींवरून आलेली यादी ग्राह्य धरावी.

एक बारकावा अनुभवी लोकांनाही चकवतो. सगळ्या शीर्षओळी बाहेरच्या ब्लॉकमध्ये नीट लिहिल्या आणि आतल्या ‘लोकेशन’मध्ये गरज म्हणून एकच नवी ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ ओळ घातली, तर त्या ‘लोकेशन’पुरत्या बाहेरच्या सगळ्या ओळी रद्द होतात. म्हणून नेहमीच्या ओळींची एक वेगळी फाइल करावी आणि ती प्रत्येक ठिकाणी ‘इन्क्लूड’ करावी.

वेबसॉकेटसाठी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ या दोन ओळी स्वतंत्रपणे पुढे पाठवाव्या लागतात, कारण त्या एका टप्प्यापुरत्याच असतात आणि प्रॉक्सी त्या आपणहून पुढे देत नाही. सोबत ‘प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन’ १.१ असं स्पष्ट लिहावं. गप्पांचा चौकोन उघडतो पण संदेश येत नाही, किंवा ग्राफानाचा थेट आलेख गोठतो, तेव्हा आधी इथेच पाहावं.

प्रमाणपत्रं आता हाताने सांभाळण्याजोगी राहिलेली नाहीत

लेट्स एन्क्रिप्टने डिसेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी मोफत प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली आणि त्यांची मुदत ९० दिवस ठेवली. तेव्हा ही मुदत कमी वाटत होती. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या संयुक्त मंचाने सगळ्यांचीच मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून प्रमाणपत्र विकत आणायची पद्धत यात बसत नाही.

मुदत संपत आल्याची ईमेल येईल, या भरवशावरही राहू नये. लेट्स एन्क्रिप्टने ती सोय ४ जून २०२५ रोजी बंद केली. प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप होईल आणि झाल्यावर प्रॉक्सी ‘रीलोड’ होईल, अशी दोन्ही कामं बांधून घ्यावीत. दुसरं काम हटकून राहतं. डिस्कवर नवं प्रमाणपत्र आलेलं असतं, पण एनजिन-एक्सच्या स्मृतीत जुनंच असतं आणि ऐन शनिवारी ते संपतं. त्यामुळे देखरेख ठेवायची ती फाइलीवर नव्हे. बाहेरून जोडणी करून प्रत्यक्ष दिसणाऱ्या प्रमाणपत्राच्या तारखेवर ठेवावी.

सेवा बऱ्याच असतील तर तारांकित, म्हणजे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र सोयीचं. मोसिपची मार्गदर्शिकाही तेच सुचवते. त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद करून मालकी सिद्ध करावी लागते. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तारा एकाच पायरीपुरता चालतो: ‘ॲप’ला तो लागू होईल, ‘नवं.ॲप’ला होणार नाही. आणि एका चावीवर सगळ्या सेवा अवलंबून असल्याने ती चावी प्रॉक्सीच्या यंत्राबाहेर फिरता कामा नये.

५०२, ५०४, ४१३: आकडे काय सांगतात

एनजिन-एक्सची मूळ मर्यादा १ एमबीची आहे. त्याहून मोठी फाइल चढवली की ४१३ येतो आणि आतल्या ॲपला त्याची खबरही लागत नाही. आजकालच्या मोबाइलवरचा साधा फोटोही या मर्यादेत मावत नाही. तक्त्यातला चौथा रकाना यासाठीच आहे. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ सगळीकडे अफाट न वाढवता, ज्या सेवेला हवी तिथेच वाढवावी.

५०४ म्हणजे आतल्या सेवेने वेळेत उत्तर दिलं नाही. मूळ मुदत ६० सेकंदांची असते. वर्षभराचा अहवाल काढायला दीड मिनिट लागत असेल, तर त्या एका मार्गापुरती मुदत वाढवता येते. पण खरा उपाय अहवाल मागे तयार करून नंतर देणं हाच.

५०२ आला की कारण ‘एरर लॉग’मध्ये लिहिलेलं असतं. ‘१११: कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही: सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे. ‘१३: परमिशन डिनाइड’ असेल आणि यंत्र रेड हॅट घराण्यातलं असेल, तर एसईलिनक्स प्रॉक्सीला बाहेर जोडणी करू देत नाही; अशा वेळी ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ ही एक परवानगी द्यायची, अख्खं एसईलिनक्स बंद करायचं नाही. आणि कंटेनर नव्याने सुरू केल्यावर नेमका ५०२ येत असेल, तर एनजिन-एक्सने सुरुवातीला शोधलेला जुना आयपीच धरून ठेवलेला असतो. रीलोड केल्यावर तो सुटतो. ‘रिझॉल्व्हर’ची नीट मांडणी केल्यावर पुन्हा होत नाही.

नोंदवहीबद्दल एक सूचना. एनजिन-एक्सच्या नेहमीच्या ‘कंबाइन्ड’ नमुन्यात विनंती कोणत्या नावासाठी आली हे लिहिलेलंच नसतं. पाच सेवा एका प्रॉक्सीमागे असताना अशा नोंदींवरून काहीच उमगत नाही. त्यात संकेतस्थळाचं नाव, आतल्या सेवेचा पत्ता, तिने घेतलेला वेळ आणि एकूण वेळ या चार गोष्टी वाढवाव्यात. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक पाहिला की उशीर आतल्या सेवेमुळे झाला की पाहुण्याच्या संथ नेटवर्कमुळे, हे कोणाशी वाद न घालता ठरतं.

बदल करताना

प्रॉक्सीतली एक चूक एकाच सेवेपुरती राहत नाही. २ जुलै २०१९ रोजी, असंख्य संकेतस्थळांपुढे प्रॉक्सी चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या फायरवॉलमध्ये एक नवा नियम जगभर एकदम लावला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने सगळ्या यंत्रांचे प्रोसेसर गुंतवून टाकले आणि सुमारे २७ मिनिटं तिच्यामागची संकेतस्थळं ५०२ दाखवत राहिली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच कंपनीत बॉट ओळखण्यासाठीची एक फाइल अपेक्षेच्या दुप्पट मोठी झाली, प्रॉक्सीच्या मर्यादेत मावली नाही, आणि पुन्हा असंख्य संकेतस्थळं कोलमडली. दोन्ही वेळा हल्ला झालेला नव्हता. नेहमीच्या कामातलाच बदल अंगाशी आला होता.

म्हणून छोट्या जागीही शिस्त तीच असावी. कॉन्फिगरेशन गिटमध्ये ठेवावं. प्रत्येक सेवेची फाइल वेगळी असावी. बदल केल्यावर आधी ‘एनजिन-एक्स -टी’ने व्याकरण तपासावं, मग रीस्टार्ट न करता ‘रीलोड’ करावं. रीलोडमध्ये नवी फाइल चुकीची निघाली तर जुनंच कॉन्फिगरेशन चालू राहतं. रीस्टार्टमध्ये सगळंच बंद पडतं. डीएनएस बदलण्याआधी नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची असेल, तर ‘कर्ल’ला ‘रिझॉल्व्ह’ पर्याय देऊन ते नाव तात्पुरतं नव्या आयपीकडे वळवता येतं. नाव, प्रमाणपत्र आणि उत्तर तिन्ही तपासून होतं आणि ग्राहकाला काहीच कळत नाही. सेवा महत्त्वाची असेल तर प्रॉक्सीची दोन यंत्रं ठेवावीत आणि ‘कीपअलाइव्हडी’ने एकच पत्ता दोघांत फिरता ठेवावा.

कोणतं अवजार

इगोर सिसोएव्ह यांनी रॅम्बलर या रशियन संकेतस्थळाच्या गरजेतून लिहिलेला आणि २००४ मध्ये खुला केलेला एनजिन-एक्स आजही सुरक्षित निवड आहे: माहिती भरपूर, माणसं सहज मिळतात. विली तारो यांचा एचए-प्रॉक्सी भार वाटपात आणि सेवेच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्यात वरचढ. कॅडी प्रमाणपत्रं आपणहून आणतो आणि वेबसॉकेट, शीर्षओळी यांची बरीचशी काळजी स्वतःच घेतो. एकट्या माणसाने सांभाळायच्या पाच-सहा सेवांसाठी तोच घ्यावा. कंटेनर सतत येत-जात असतील तर ट्रॅफिक हा पर्याय, तो डॉकरच्या लेबलांवरूनच वाटा ओळखतो.

कुबरनेटीसवर ‘इंग्रेस-एनजिनएक्स’ हा समुदायाचा कंट्रोलर वापरणाऱ्यांनी मात्र हालचाल करायला हवी. त्याची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच होईल, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती येणार नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘गेटवे एपीआय’ला धरूनच आखणी करावी.

अवजार कोणतंही असो, सहा रकान्यांचा तक्ता बदलत नाही. तो आजच आखावा. पहिल्या रकान्यात चालू असलेल्या सगळ्या सेवांची नावं लिहावीत, तिसऱ्यात ती कोणासाठी आहे ते लिहावं, आणि मोबाइलच्या डेटावरून एकेक नाव उघडून पाहावं. तिसरा रकाना ‘फक्त कर्मचारी’ म्हणत असताना लॉगिनचं पान समोर आलं, तर बाकीचं कॉन्फिगरेशन बाजूला ठेवून आधी ती सेवा आत घ्यावी.